९७ दिसत होतं, मग डॉक्टर ओरडले का?

प्रश्न एका ताईंचा आहे, इथल्याच, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या. वडील, म्हणजे अण्णा, ७१ वर्षांचे, चाळीस वर्षं बिडी, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन हवा छातीत अडकते तो जुना आजार), दिवाळीपासून घरी ऑक्सिजनचं मशीन. परवा रात्री बोटावरच्या मीटरवर ऑक्सिजन ८५ दिसला, ताई घाबरल्या, मशीन १ लिटरवरून ४ वर नेलं, आकडा ९७ झाला, अण्णा शांत झोपले. सकाळी हाका मारल्या तरी धड उठेनात, उठले ते डोकं धरूनच बसले, बोलणं जड. डॉक्टरांनी फोनवरच झापलं की ८८ ते ९२ च्या वर न्यायचं नाही असं सांगितलं होतं ना. ताईंचं म्हणणं, कोरोनात ९४ च्या खाली आलं की बेड शोधत पळत होतो आणि आता ९७ झालं तर बोलणी, हा कुठला न्याय?

न्याय बरोबर आहे ताई, फक्त तो तुम्हाला कुणी समजावून सांगितला नाही, आणि ती चूक आम्हा डॉक्टरांचीच. बाहेर साठ पेशंट बसलेले असतात, आकडा सांगितला की आम्ही मोकळे. मी छातीचा डॉक्टर, ग्वाल्हेरात सत्तावीस वर्षं झाली, आणि हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी तुमच्यासारखं एक घर येतंच. घाबरून आकडा वाढवला यात तुमचा काही दोष नाही. पण नेमकं काय झालं ते आज नीट सांगतो, जरा लांबेल.

आधी एक करून बघा. वाचता वाचता श्वास रोखून धरा. अर्ध्या-पाऊण मिनिटात घालमेल सुरू होईल. आपल्याला वाटतं ऑक्सिजन संपला. नाही हो, त्या वेळी बोटाला मीटर लावलात तर तो बहुतेक ९७-९८ च दाखवेल. घालमेल होते ती कार्बन डायऑक्साइड साचल्याची, आम्ही त्याला सीओटू म्हणतो. इंग्लंडात हॉल्डेन आणि प्रिस्टली या दोघांनी १९०५ मध्ये हे मोजून दाखवलं, की फुफ्फुसातल्या हवेतला सीओटू नुसता ०.२ टक्के वाढला तरी माणसाचा श्वास जवळजवळ दुप्पट होतो. एवढा बारीक हिशोब शरीर ऑक्सिजनचा ठेवत नाही. ऑक्सिजनवर नजर ठेवायला मानेत दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठी आहेत, कॅरॉटिड बॉडी, यावरच्या कामासाठी बेल्जियमच्या हायमन्सना १९३८ चं नोबेल मिळालं. पण या गाठी खऱ्या अर्थाने ओरडायला लागतात ते ऑक्सिजन बराच उतरल्यावर, मीटरच्या भाषेत साधारण ९० च्या खाली. तोवर गाडी सीओटूच हाकतो.

पोहणाऱ्या पोरांना मी हे कायम सांगतो. तिघऱ्याच्या धरणात उतरायच्या आधी पैज म्हणून दहा-वीस मोठमोठे श्वास घेतात, त्यांना वाटतं ऑक्सिजन भरून घेतला. भरला काहीच नाही, सीओटू तेवढा बाहेर फेकला गेला. मग पाण्याखाली घालमेलच होत नाही, ऑक्सिजन गुपचूप उतरत जातो आणि पोरगा शुद्ध हरपून तिथेच राहतो. धोक्याची घंटा काढून ठेवून घरात झोपल्यासारखं आहे ते.

आता श्वासाचा ताल कोण धरतं? मेंदूच्या देठात पेशींचा एक छोटासा पुंजका आहे, प्री-बोट्झिंगर कॉम्प्लेक्स म्हणतात, श्वासाचा ताल तिथून निघतो हे १९९१ मध्ये दाखवलं गेलं. (नावाची गंमत अशी की शेजारच्या भागाला बोट्झिंगर हे नाव जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरून दिलं गेलं. आमच्याकडे असतं तर इथल्या गल्लीवरून दानाओळी कॉम्प्लेक्स झालं असतं.) त्याच्या वर मोठ्या मेंदूची हुकमत, ती आपल्या मर्जीची. आपल्या ग्वाल्हेर घराण्याचा गवई एका दमात केवढी तान खेचतो, श्वास कुठे चोरायचा ते ठरवून चोरतो, ते सगळं या वरच्या मेंदूचं काम. झोप लागली की ही मर्जी सुटते आणि सगळा कारभार देठावर येतो. म्हणून झोपेत चांगल्या माणसाचाही सीओटू थोडा चढतो. स्वप्नाच्या झोपेत तर बरगड्यांचे स्नायू ढिले पडतात, छाती आणि पोटाच्या मधला पडदा एकटा श्वास ओढत असतो, आणि सीओपीडीत फुफ्फुसं फुगून तो पडदा आधीच सपाट झालेला असतो. अण्णांची रात्र ही अशी असते. तुम्ही जो ८५ बघितलात तो त्याच वेळचा असणार.

मीटरवर सीओटू दिसत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. मीटर अर्धीच गोष्ट सांगतो. चार लिटरवर अण्णांचा ९७ छान दिसत होता आणि मागे सीओटू किती चढला ते दाखवणारं घरात काहीच नव्हतं. हो, एक गोष्ट दाखवत होती, ती म्हणजे अण्णा स्वतः. जास्त झोप, जागे केलं तरी गुंगी, सकाळी उठल्याबरोबर डोकेदुखी, हे साचलेल्या सीओटूचं बोलणं आहे.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, आजही आठवली की कानशिलं तापतात. रेसिडेंट होतो, रात्रपाळी, एक आजोबा आले, ओठ निळे, धाप एवढी की शब्द फुटेना. मी मास्क लावला आणि ऑक्सिजन सोडला दहा लिटरवर. दहा मिनिटांत आजोबा गुलाबी. मुलाने माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तासाभराने बघतो तर आजोबा गाढ झोपलेले, मुलगा म्हणतो, डॉक्टरसाहेब, चार रात्रींनी झोपलेत, उठवू नका. मलाही बरं वाटलं, मी दुसऱ्या बेडकडे गेलो. पहाटे आमचे सर आले, त्यांनी मीटरकडे बघितलंच नाही, आजोबांचा हात हातात घेतला. हात गरम, नाडी ठणठण उडतेय. सर म्हणाले, आजोबा, दोन्ही हात पुढे करा, ट्रॅफिकवाल्यासारखं थांबा म्हणा. आजोबांनी कसेबसे हात उचलले तर पंजे पाखराच्या पंखासारखे फडफड करून खाली पडत होते. रक्त तपासलं तर सीओटू ९६, पीएच (जितका खाली तितकं रक्त आम्ल) ७.१८. सीओटू पंचेचाळीसच्या आत हवा, पीएच ७.३५ च्या वर. बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन, तेव्हा आमच्याकडे नव्हतं, घशात नळी घालावी लागली, नऊ दिवस व्हेंटिलेटर. वाचले आजोबा. सर मला एवढंच म्हणाले, तू त्याला औषध दिलंस आणि डोस लिहिला नाहीस.

तर असं होतं का? आम्हाला शिकवलं ते असं, की या पेशंटचा मेंदू वर्षानुवर्षं चढलेल्या सीओटूला सरावलेला असतो, त्याचा श्वास मानेतल्या त्या गाठींच्या जोरावर चालतो, तुम्ही ऑक्सिजन भरपूर दिलात की गाठी गप्प होतात आणि माणूस श्वास घ्यायचाच विसरतो. मोजूनमापून ऑक्सिजन देणारा व्हेंच्युरी मास्क १९६० च्या सुमारास कॅम्पबेल यांनी आणला तो याच काळजीतून. यात खोटं काही नाही पण ही अर्धी पण नाही, पावच गोष्ट आहे, आणि आजही बरेच डॉक्टर एवढीच सांगतात याचा मला राग येतो. १९८० मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी अशाच अत्यवस्थ पेशंटना पंधरा मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देऊन श्वास मोजला. तो सुरुवातीला पडला, पण पंधरा मिनिटांनी आधीच्या ९३ टक्क्यांवर परत आलेला होता, आणि तरीही सीओटू सरासरी २३ ने चढला. म्हणजे श्वास मंदावला एवढ्याने हिशोब जुळत नाही.

मग बाकीचा चढला कुठून? दोन वाटा. पहिली समजायला पाटाचं पाणी डोळ्यासमोर आणा. ज्या वाफ्यात काही उगवतच नाही तिथलं बारं शेतकरी बुजवतो आणि पाणी चांगल्या वाफ्याकडे वळवतो. फुफ्फुस अगदी हेच करतं. ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त हवा असलेल्या भागाकडे जातं, हे १९४६ मध्ये स्वीडनमध्ये मांजरांवर दाखवलं होतं. अण्णांच्या फुफ्फुसाने इतक्या वर्षांत ही सोय बसवून घेतलीय, मोडकी पण चालणारी. तुम्ही ऑक्सिजन जोरात सोडलात की त्या खराब कोपऱ्यातही थोडा पोचतो, तिथल्या वाहिन्यांना वाटतं आता सगळं ठीक, त्या उघडतात, रक्त तिकडे धावतं, आणि तिथून सीओटू बाहेर काढायला हवेची ये-जा मात्र नसतेच.

दुसरी वाट हॉल्डेनच्याच नावाची, १९१४ ची. आपला टेम्पो घ्या, बाड्यावरून मुरारला जाणारा. परतीच्या फेरीत हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजनच्या सवाऱ्या कमी, म्हणून सीओटूच्या सवाऱ्याही दाटीवाटीने बसून येतात. तुम्ही प्रत्येक टेम्पो आधीच ऑक्सिजनने खचाखच भरून टाकलात तर सीओटूला बसायला जागा नाही, तो रस्त्यावर उतरतो, म्हणजे रक्तात मोकळा. तुमचं-माझं काय होतं, दोन श्वास जास्त घेतो आणि तो बाहेर टाकतो. अण्णांची छाती आधीच पूर्ण जोर लावून चाललीय, दोन श्वास जास्त आणणार कुठून?

हे सगळं पुस्तकी वाटेल म्हणून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचं सांगतो, २०१० मध्ये छापून आलं. अँब्युलन्समध्येच दोन गट केले, एकूण ४०५ माणसं, धाप लागलेली. एका गटाला नेहमीसारखा मास्कने भरपूर ऑक्सिजन, ८ ते १० लिटर, दुसऱ्याला नाकातल्या नळीने मोजून, मीटर ८८ ते ९२ राहील एवढाच. भरपूरवाल्यांत ९ टक्के दगावले, मोजूनवाल्यांत ४. ज्यांचा सीओपीडी नंतर तपासून पक्का झाला त्यांच्यात तर ९ विरुद्ध २ टक्के. औषध तेच, फरक फक्त डोसचा. तुमच्या डॉक्टरांचा ८८ ते ९२ हा आकडा त्यांच्या मनाचा नाही.

तुम्ही म्हणाल ८८ म्हणजे कमीच की. हिशोब बघा. हिमोग्लोबिन १५ धरलं तर ९० वर १०० मिलीलिटर रक्तात साधारण १८ मिलीलिटर ऑक्सिजन असतो, ९७ वर साडेएकोणीस. दीड मिलीलिटरचा फरक. त्यासाठी तुम्ही अण्णांना परवा बेशुद्धीच्या उंबरठ्यापर्यंत नेलंत, अर्थात नकळत. खालची बाजू मात्र तीव्र उताराची आहे, ८५ च्या खाली गाडी घसरत जाते, म्हणून ८८ ची पायरी सोडायची नाही.

आणि कोरोनाचं वेगळं होतं. त्यात फुफ्फुस सुजलेलं, पण श्वास बाहेर टाकायला अडथळा नाही. माणूस भराभर श्वास घ्यायचा, त्यामुळे सीओटू उलट कमीच असायचा, साचायची भीती सुरुवातीला नव्हतीच. तिथे ९४ च्या खाली म्हणजे आजार वाढतोय ही खूण. तोच आकडा, दोन वेगळे आजार. मीटर घराघरात आले ते कोरोनात, त्याच्याबरोबर कोरोनाचे आकडेही घराघरात आले आणि ते आता सीओपीडीवाल्यांना लावले जातात, यात तुमची एकटीची चूक नाही.

मीटरबद्दल अजून थोडं. ग्वाल्हेरात जानेवारीत पारा तीन-चारवर येतो, अण्णांची बोटं बर्फ झालेली असणार, त्या बोटावर मीटर काय वाटेल ते दाखवतो. हात चोळून गरम करा, मिनिटभर थांबा, आकडा स्थिर झाला की वाचा, आणि त्यातला नाडीचा आकडा हाताने मोजलेल्या नाडीशी जुळतोय का बघा. मेंदी, नेलपॉलिश असलेलं बोट नको. सावळ्या त्वचेवर मीटर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो हेही २०२० मध्ये अमेरिकेत मोठ्या संख्येने तपासून दिसलंय, काळ्या पेशंटमध्ये अशी फसगत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. म्हणून एका आकड्यावर मशीनची कळ फिरवायची नाही.

मग ८५ दिसलं तर काय? झोपेत क्षणभर खाली जाऊन परत वर येतं, त्याच्या मागे लागू नका. पाच-दहा मिनिटं ८८ च्या खालीच राहिलं तर आधी नळी बघा, नाकातून निसटलीय का, गादीखाली दबलीय का, पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल आहे का. दहातल्या चार घरांत तेवढंच निघतं (माझा अंदाज हो, कुणी मोजलेलं नाही). तरीही खालीच असेल तर अर्धा लिटर वाढवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, डॉक्टरांना फोन करा. आणि उलटं झालं, म्हणजे परवासारखं ९७ आणि गुंगी, तर घाबरून मशीन एकदम बंद करू नका हं, हे फार लोक करतात. साचलेल्या सीओटूने फुफ्फुसातली जागा अडवलेली असते, बंद केलं की ऑक्सिजन आधी होता त्याच्याही खाली कोसळतो. ८८ ते ९२ येईपर्यंत हळूहळू कमी करायचं, हात पुढे करायला सांगून पंजे फडफडतात का बघायचं, आणि फडफडत असतील किंवा माणूस हाकेला ओ देत नसेल तर सरळ हॉस्पिटल. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, सीओपीडी आहे, सीओटू साचतो, ८८-९२ वर ठेवा. कागदावर लिहून अण्णांच्या खिशात ठेवलंत तर उत्तम, कारण रात्रीच्या ड्यूटीवर माझ्यासारखाच कुणीतरी नवखा असणार. नेब्युलायझर द्यायला लागले तर ऑक्सिजनवर नको, साध्या हवेच्या मशीनवर द्या म्हणावं.

अण्णांना झोप येत नाही म्हणून मेडिकलवरून गोळी आणता का? आणत असाल तर ती बंद करायची, पण डॉक्टरांशी बोलून, कारण रोजची सवय लागलेली असेल तर ती एकदम तोडता येत नाही. बंद का, तर ती गोळी त्या देठातल्या तालालाच झोपवते. खोकल्याची काही औषधंही तशीच असतात.

बरं, मुळात मशीन लागतंच का, हे विचारलंय का कुणाला? घरी ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढतं हे १९८० आणि ८१ च्या दोन अभ्यासांत दिसलं, एक अमेरिकेतला, एक ब्रिटनचा, पण ते ज्यांचा ऑक्सिजन बरं असतानाही खूप खाली असतो त्यांच्यात, रक्ताच्या तपासणीत ५५ (हा ऑक्सिजनचा दाब, मीटरवरचा टक्का नव्हे) किंवा त्याखाली, हृदयावर ताण आलेला असेल तर ६० पर्यंत. जेमतेम कमी असलेल्यांना देऊन २०१६ च्या ७३८ जणांच्या अभ्यासात काही फायदा दिसला नाही. आणि ज्यांना लागतो त्यांना १५ तास पुरतो, २०२४ मध्ये स्वीडनमध्ये १५ तास आणि २४ तास समोरासमोर ठेवून बघितले, फरक नाही. म्हणजे अण्णांना दिवसा नळी काढून अंगणात उन्हात बसू द्या, गच्चीवर पापड राखायला बसवा, काहीही, फक्त रात्र धरून पंधरा तास भरू द्या.

धाप लागली की लगेच ऑक्सिजन कमी असतो असंही नाही, हे घरच्यांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ९१ वर सुद्धा अण्णा कासावीस होऊ शकतात कारण हवा छातीत अडकलीय. तेव्हा मशीन वाढवण्याऐवजी त्यांना पुढे वाकवून बसवा, कोपर गुडघ्यांवर, ओठ शिट्टीसारखे करून हळू श्वास सोडायला लावा, आणि चेहऱ्यावर छोटा पंखा धरा, तो हातातला बॅटरीचा मिळतो ना तो. हसू नका, २०१० मध्ये इंग्लंडात नीट चाचणी करून बघितलंय, गालावर-नाकावर वारा लागला की धाप कमी वाटते. शंभर-दीडशे रुपयांचं काम.

आणि सिगडी. तुमच्या पत्रात ओझरतं आलंय की अण्णांच्या खोलीत रात्री कोळशाची सिगडी असते, खिडक्या बंद. ताई, ती आज रात्रीपासून बाहेर. एक तर ऑक्सिजनच्या मशीनशेजारी निखारा, बिडी, उदबत्ती, समई काहीही चालत नाही, नाकातली नळी पेटते, चेहरा भाजलेले लोक मी बघितलेत. दुसरं, बंद खोलीतल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, आणि तुमचा मीटर त्याला ऑक्सिजनच समजतो, म्हणजे माणूस विषाने गुंगलेला आणि बोटावर ९७. सकाळची डोकेदुखी त्याचीही असू शकते. त्या खोलीत अण्णांबरोबर अजून कुणी झोपतं का, आणि त्यांचंही डोकं दुखलं होतं का, हे आधी विचारा, कारण तसं असेल तर सगळी गोष्टच बदलते आणि त्यांनाही तपासायला हवं.

आता अण्णांचा एबीजी, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन-सीओटूची तपासणी, करून घ्या, मनगटाच्या धमनीतून रक्त काढतात, दुखतं थोडं. नेहमीच्या लिटरवर अर्धा तास शांत बसल्यावर, सिगडी-बिडीशिवाय. कार्बन मोनॉक्साइडचाही आकडा काढा म्हणावं, पण सिगडी बंद झाल्यावर तो काही तासांत उतरून जातो, त्यामुळे नॉर्मल आला म्हणून परवाची रात्र निर्दोष ठरत नाही. परवाच्या प्रकारानंतर सीओटू दोन-चार आठवड्यांनीही ५३ च्या वर राहिला तर रात्री घरी बायपॅप लावण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. ब्रिटनच्या ११६ पेशंटच्या अभ्यासात (२०१७) नुसत्या ऑक्सिजनवाल्यांपैकी ८० टक्के वर्षाच्या आत परत भरती झाले किंवा गेले, जोडीला बायपॅप असलेल्यांत ६३ टक्के. मास्कची सवय व्हायला आठ-दहा दिवस जातात, अण्णा पहिल्या रात्री काढून फेकतील, दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही बघताना तासभर लावून सुरुवात करा. रिपोर्ट आला की पीएच, सीओटू आणि बायकार्बोनेट हे तीन आकडे लिहून पाठवा, आणि मशीन त्या वेळी किती लिटरवर होतं तेही.